परकीय हात आणि रिकामी खुर्ची

ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनापुढे बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून पळाल्या, तेव्हापासून सोलापुरात राजकारणावर चार माणसं बोलायला बसली की गाडी ढाक्याला जातेच. गणवेश शिवणाऱ्या कारखानदाराला तिथल्या थांबलेल्या ऑर्डरी आपल्याकडे वळतात का ते बघायचं असतं, कॉलेजातल्या पोरांना तिथल्या पोरांचं अप्रूप असतं, आणि ज्यांना कशाचंच काही नसतं त्यांना अमेरिका दिसत असते. मग दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, हसीनाबाईंना अमेरिकेनं घालवलं, विद्यार्थी नुसती प्यादी. दुसऱ्याचं म्हणणं, हा जनतेचा शुद्ध उठाव, आणि जो परकीय हाताचं नाव काढेल तो हुकूमशहाचा भाट. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळी तरुणांच्या उठावात काठमांडूतला सिंहदरबार, म्हणजे तिथल्या सरकारचं मुख्यालय, पेटला तेव्हा हीच कॅसेट पुन्हा वाजली, फक्त गावांची नावं बदलली.

दोघांचंही भांडण एकाच प्रश्नावर आहे: काडी कोणी लावली? माझ्या मते हा प्रश्नच दुय्यम आहे. लाखो माणसांना गोळ्यांसमोर उभं करणं कुठल्याही वकिलातीला सहसा जमत नाही. पण सत्ताधारी पळाला आणि खुर्ची रिकामी झाली, की तिच्याकडे हात लांबवण्यात कुठलीही वकिलात सहसा मागे राहत नाही. म्हणून बघायचं ते हे की खुर्ची लोकांच्या मताविना किती काळ राहिली, आणि त्या काळात कोणाला दाराबाहेर ठेवलं गेलं. परकीय प्रभाव किती मुरणार हे तिथं ठरतं.

बांगलादेशचा घटनाक्रम आधी नीट बघू. जून २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांचा ३० टक्के कोटा पुन्हा लागू केला. पदवी घेऊन घरी बसलेल्या पोरांच्या दृष्टीनं हा सरकारी नोकरीच्या दारावर लागलेला अडसर होता. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद नावाचा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. ते चित्रण देशभर फिरलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजानुसार १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, प्रमुख विरोधी पक्षाच्या बहिष्कारात निवडणूक उरकली होती, म्हणजे राग मतपेटीत ओतायची सोय उरली नव्हती. यातलं काय वॉशिंग्टनहून आलं? अमेरिकेला सेंट मार्टिन बेट दिलं नाही म्हणून मला घालवलं, असं विधान हसीनांच्या नावावर फिरलं आणि आपल्याकडे ते पुराव्यासारखं वापरलं गेलं. त्यांच्याच मुलानं ते विधान खोटं असल्याचं जाहीर केलं, ते मात्र फारसं कोणी पुढे पाठवलं नाही.

आता पहिल्या तटाचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. परकीय हात हा निव्वळ भ्रम नाही. ऑगस्ट १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांच्या सरकारला उलथवण्यात आपला हात होता हे सीआयएच्या कागदपत्रांतून २०१३ मध्ये अधिकृतपणे बाहेर आलं. ब्रिटिश त्यात सामील होते. सर्बियात २००० साली सत्ताधीश मिलोशेविचच्या विरोधकांवर आणि ‘ओत्पोर’ या तरुणांच्या संघटनेवर अमेरिकेनं कोट्यवधी डॉलर खर्च केले, आणि ते लपूनही राहिलं नाही. पण सर्बियातलं पुढचं बघा. मिलोशेविच आधी २४ सप्टेंबरच्या मतदानात मागे पडला, निकाल मानायला तयार नव्हता, म्हणून लोक उठले. कोलुबाराच्या कोळसा खाणींतले कामगार संपावर गेले आणि सरकारचे पाय लटपटले. डॉलरनं स्टिकर छापता येतात, खाणकामगाराला संपावर पाठवता येत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्याच शहराचा मे १९३० आठवावा. गांधीजींच्या अटकेची बातमी आली, गिरण्या ओस पडल्या, ८ तारखेला गोळीबार झाला, आणि पुढचे काही दिवस इंग्रजांचं राज्य सोलापुरात उरलंच नाही. १२ मेला लष्करी कायदा पुकारावा लागला. या कामगारांना पैसे कोणी पाठवले होते? सरकारला तेव्हाही सूत्रधार हवेच होते. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात त्यांनी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना गुंतवलं आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर चढवलं. सत्तेला गर्दीमागे कोणीतरी एक मेंदू लागतोच, कारण गर्दीला स्वतःचा मेंदू आहे हे मानलं तर स्वतःच्या कारभाराकडे बघावं लागतं. सत्तरच्या दशकात इंदिराबाईंनाही जेपींच्या आंदोलनामागे परकीय शक्ती दिसत होत्या. १९७७ मध्ये त्यांना कोणी पाडलं हे सांगायला नको.

दुसऱ्या तटाचा भोळेपणा मात्र मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो खुर्ची रिकामी झाल्यावर डोळे मिटून घेतो. क्रांती अस्सल होती म्हणून तिचं पुढचं पाऊलही अस्सलच पडेल, असं कुठं असतं? १९०६ चं तेहरान घ्या. शाहाकडे कायद्याचं राज्य मागणाऱ्या बारा-चौदा हजार माणसांनी ब्रिटिश वकिलातीच्या बागेत आसरा घेतला. एकेका व्यवसायाच्या संघानं आपापला तंबू ठोकला, मोठमोठ्या कढयांत रोजचं जेवण शिजू लागलं, आणि त्या बागेत मजलिसची, म्हणजे संसदेची, चर्चा होऊ लागली. शाहानं मान तुकवली, संसद आली. या उठावाला कोणी ब्रिटिशांचा कट म्हणणार नाही. आणि तरीही पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०७ मध्ये, त्याच ब्रिटननं रशियाशी करार केला आणि इराणचा उत्तर भाग रशियाच्या, आग्नेय भाग आपल्या प्रभावक्षेत्रात टाकून घेतला. संसदेनं तिजोरी सावरायला मॉर्गन शुस्टर या अमेरिकी माणसाला बोलावलं, तर १९११ मध्ये रशियानं त्याला हाकलण्याचा निर्वाणीचा खलिता धाडला. मजलिसनं तो फेटाळला. डिसेंबरात मजलिसच बंद झाली. बागेत तंबू ठोकू देणारा आणि देश वाटून घेणारा यजमान एकच होता, आणि या दोन गोष्टींच्या मध्ये जेमतेम एक वर्ष गेलं होतं.

कैरोचं उदाहरण याहून झणझणीत आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मुबारक गेले आणि खुर्ची लष्करी परिषदेकडे आली. त्या वर्षाच्या अखेरीस छापे पडले ते लोकशाहीचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांवर, परदेशी पैसा घेतल्याच्या आरोपावरून. जून २०१३ मध्ये अशा ४३ जणांना शिक्षा झाल्या, बहुतेकांना त्यांच्या गैरहजेरीत. आणि शिक्षा कोणाच्या देशात? ज्याचं लष्कर स्वतः अमेरिकेकडून दरवर्षी सुमारे १.३ अब्ज डॉलरची मदत घेत होतं त्या. महिनाभरात, ३ जुलैला, त्याच लष्करानं निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना पदच्युत केलं, आणि काही दिवसांत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत यांनी मिळून १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. परकीय हात शोधायला निघालेल्यांना चौकातल्या कार्यशाळेचं बिल सापडतं आणि सेनापतीच्या टेबलावरचा धनादेश सापडत नाही. आपल्याकडच्या चर्चेतही नेमकं हेच होतं. कोणत्या स्वयंसेवी संस्थेला किती डॉलर आले याची यादी सगळ्यांना तोंडपाठ, पण संक्रमणाच्या काळात लष्कर कोणाकडून शस्त्रं घेतं, परकीय चलन आटल्यावर कर्ज कोण देतं, हे विचारायला कोणाला सवड नाही.

मग सगळाच परकीय प्रभाव मारक असतो का? नाही, आणि इथं पोर्तुगालची गोष्ट आड येते. २५ एप्रिल १९७४ ला तिथली हुकूमशाही कोसळली. त्यानंतरच्या वर्षाइतका उघड परकीय हस्तक्षेप क्वचितच दिसेल. सोशलिस्ट पक्षाची स्थापनाच आदल्या वर्षी पश्चिम जर्मनीत झाली होती आणि जर्मन सोशल डेमोक्रॅटांचं बळ त्याच्या पाठीशी होतं. कम्युनिस्टांच्या मागे मॉस्को होतं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर तर निराश होते. सोशलिस्टांचे नेते सोआरेस हे, १९१७ मध्ये बोल्शेविकांनी उलथवलेल्या रशियातल्या केरेन्स्कीसारखे, वाहून जातील, असं ते सोआरेस यांच्या तोंडावर म्हणाले. तसं झालं नाही. का? दोन्ही बाजूंचा पैसा एकमेकाला पुरून उरला हे एक कारण आहे. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की क्रांतीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २५ एप्रिल १९७५ ला, संविधान सभेची निवडणूक झाली आणि ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. रस्त्यावर आणि बराकींत सर्वांत जास्त आवाज असलेल्या कम्युनिस्टांना साडेबारा टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. त्यांना कोणी निवडणुकीतून काढलं नव्हतं. लोकांनी त्यांची उंची मोजून दिली. पुढे नोव्हेंबरात लष्करातल्या डाव्या गटानं बंडाचा प्रयत्न केला, तो फसला, कारण देशात कोणाला किती पाठिंबा आहे हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं.

हे सगळं परमुलुखाचं झालं. सोलापूरकराला इतकं लांब जायची गरज नाही, आणि या शहरातल्या चर्चेत याचा उल्लेख कोणी करत नाही याचं मला नवल वाटतं. १९४८ साली निझामाच्या दृष्टीनं परकीय हात म्हणजे आपण होतो. हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीवर, आपल्या जिल्ह्याच्या बाजूला, स्टेट काँग्रेसच्या लढवय्यांचे कॅम्प होते. रझाकारांच्या जाचातून पळालेली कुटुंबं इथं येत होती. निझामानं त्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे भारताविरुद्ध तक्रारही नेली. १३ सप्टेंबरला मुख्य फौज निघाली ती सोलापूरहून, पहिली मोठी चकमक नळदुर्गला, आणि १७ तारखेला सगळं संपलं. कोणी म्हणेल, हैदराबाद हा परका देश नव्हता, तिथल्या बहुसंख्य जनतेला भारतच हवा होता. मान्य. स्वामी रामानंद तीर्थांची चळवळ ही मातीतलीच होती, आणि फौज गेली नसती तर ती किती रक्तात बुडाली असती कोण जाणे. बाहेरचा हात न्याय्य असू शकतो याचं याहून जवळचं उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणूनच त्यानंतर काय झालं ते जास्त बघण्यासारखं आहे.

फौज जिंकली आणि खुर्ची रिकामी झाली. मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. त्यांच्यानंतर आले वेल्लोदी, सनदी अधिकारी, निवडून न येता मुख्यमंत्री. फौजेच्या पाठोपाठच्या दिवसांत मराठवाड्यात आणि कर्नाटकात मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा सावध अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्याला खेटून असलेला उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत आजही तो येत नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते म्हणून हे खोटं ठरत नाही. पुढे कारभार चालवायला मद्रास, मध्य प्रांत अशा ठिकाणांहून अधिकारी आणि कारकून आणले गेले. स्थानिक तरुणाला वाटू लागलं की निझाम गेला आणि साहेब आला. १९५२ मध्ये नोकऱ्या स्थानिकांनाच मिळाव्यात म्हणून मुलकी आंदोलन पेटलं, हैदराबाद शहरात गोळीबार झाला, पोरं मेली. हेतू चांगला, फौज आपली, जनता स्वागताला उभी, आणि तरीही साडेतीन वर्षं मताविना राज्य चाललं तर काय साचतं ते आपल्या अंगणात दिसलं.

त्याच हैदराबादनं उत्तरही दाखवलं, तेही १९५२ मध्येच. तेलंगणात कम्युनिस्टांनी भारतीय फौजेविरुद्ध हत्यारं उचलली होती आणि ऑक्टोबर १९५१ पर्यंत ती खाली ठेवली नव्हती. पक्षावर तिथं बंदी होती. पण बंदी पक्षावर, माणसांना दार उघडं होतं. पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावानं तेच लोक निवडणुकीला उभे राहिले, विधानसभेत सर्वांत मोठा विरोधी गट झाले, आणि नलगोंड्यातून रवि नारायण रेड्डी लोकसभेवर गेले ते नेहरूंपेक्षा जास्त मतं घेऊन. काल ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांना आज सभागृहात बाक दिला गेला. त्यांच्यामागे मॉस्कोचा हात आहे ही ओरड तेव्हा आजच्या ‘डीप स्टेट’च्या, म्हणजे पडद्यामागच्या सत्तेच्या, ओरडीपेक्षा मोठी होती, आणि अगदीच निराधारही नव्हती. तरी तो हात विधानसभेच्या कामकाजात विरघळून गेला.

या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: घाईनं निवडणूक घेतली की जो आधीपासून संघटित आहे तो जिंकतो, रस्त्यावर मेलेली पोरं बाजूला पडतात. इजिप्तमध्ये मुस्लिम ब्रदरहूड जिंकली, पोरं हरली. आधी पोलिस, न्यायालयं, निवडणूक यंत्रणा सुधारा, मग मतदान घ्या. बांगलादेशात हसीनांनंतर आलेल्या मुहम्मद युनूस यांच्या अंतरिम सरकारची भूमिका काहीशी हीच होती, आणि हसीनांच्या पंधरा वर्षांत आतून पोखरलेली यंत्रणा बघता ती हास्यास्पद नव्हती. पण उशिरानं कोणाचा फायदा होतो ते विचारा. पोरांची संघटना थांबल्यानं वाढत नाही, विरते. परीक्षा असतात, घरभाडं असतं, आपसात फूट पडते. थांबणं परवडतं ते लष्कराला, नोकरशाहीला, आणि ज्यांची बदली तीन वर्षांनी व्हायची आहे अशा राजदूतांना. इजिप्तमध्ये तर निवडून आलेली संसद जून २०१२ मध्ये न्यायालयानं बरखास्त ठरवली, राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीच्या दोनच दिवस आधी. तिथं बिघडलं ते मतदानामुळे नाही, मतदानाला कोणी मोजलंच नाही म्हणून. शेजारच्या ट्युनिशियानं नऊ महिन्यांत संविधान सभा निवडली. एन्नहदा हा इस्लामी पक्ष पहिला आला, पण बहुमताला कमी पडला, दोन धर्मनिरपेक्ष पक्षांना सोबत घ्यावं लागलं आणि २०१४ मध्ये संविधान आलं. तेही २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी गुंडाळायला घेतलं हे खरं, पण ते निवडून आलेल्या माणसानं केलं, त्याचं खापर २०११ च्या घाईवर फोडता येत नाही.

बांगलादेशची माझी तक्रार म्हणून वेगळी आहे. मे २०२५ मध्ये हसीनांच्या अवामी लीग या पक्षाच्या सगळ्या हालचालींवर बंदी आली, आणि १२ फेब्रुवारी २०२६ ही मतदानाची तारीख जाहीर व्हायला डिसेंबर उजाडला. ज्यांच्या हुकमानं गोळ्या झाडल्या गेल्या त्यांच्यावर खटले चालवाच. पण लीगला मत देणारा सिल्हेटचा चहामळ्यातला मजूर किंवा गोपालगंजचा शेतकरी, त्याचं काय करायचं? त्याला दार बंद केलं की तो दुसरं दार शोधणार, आणि ते दार दिल्लीकडे उघडतं. परकीय हाताला भिणाऱ्यांनीच त्या हाताला धरायला एक मूठ करून दिली. नेपाळमध्ये सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान म्हणून शपथ घेतात तोच ५ मार्च २०२६ ही तारीख ठरते, आणि ज्यांच्या विरोधात उठाव झाला ते पक्षही मैदानात राहतात, यात मला जास्त शहाणपण दिसतं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर पंतप्रधान निवडला म्हणून आपण हसलो, तारखेकडे बघायचं राहून गेलं.

आणि दिल्लीचं काय? परकीय हात म्हटलं की आपल्याला तो नेहमी गोरा दिसतो. नेपाळच्या राजकारणात १९५१ चा तह दिल्लीत झाला, २००५ मध्ये सात पक्ष आणि माओवादी यांचा बारा कलमी समझोताही दिल्लीतच झाला, आणि २०१५ मध्ये नेपाळनं संविधान जाहीर केल्यावर महिनोन्महिने सीमेवर ट्रक अडले. ती नाकेबंदी आपण केली नाही असं आपण म्हणालो. गॅसच्या सिलिंडरसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या काठमांडूच्या बाईला ते पटलं नाही, आणि तिथल्या राष्ट्रवादाला त्यातून जे खाद्य मिळालं ते पुढच्या निवडणुकीत कम्युनिस्ट नेते ओली यांच्या कामी आलं. ढाक्याच्या बाबतीत हसीनांना आसरा देणं मला चूक वाटत नाही. पाहुणा म्हणून आलेल्याला हाकलायचं नसतं. पण १७ मे २०२५ ला भारतानं बांगलादेशचे तयार कपडे सगळ्या भू-सीमांवरून बंद केले आणि फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं उघडी ठेवली, तेव्हा आपल्याकडे काही जणांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्यांनीही आधी आपलं सूत भू-सीमेवर अडवलं होतं, हे खरं. तरी हिशेब करा: नुकसान कोणाचं? ढाक्याजवळच्या गाझीपुरात शिलाई मशीनवर बसलेल्या बाईचं. आणि फायदा? भारत आपल्याला गुडघ्यावर आणतोय, निवडणुका नंतर बघू, असं सांगणाऱ्या तिथल्या प्रत्येक पुढाऱ्याचा. सोलापूरच्या गणवेशाला बाजार हवा असेल तर तो मापात, शिलाईत आणि वेळेवर माल देण्यात मिळवता येतो. ढाक्यातल्या संक्रमणाचा गळा आवळून मिळणाऱ्या ऑर्डरी सीमा उघडल्या त्या आठवड्यात परत जातील, आणि तिथल्या मतदाराच्या मनातलं भारताचं नाव मात्र तसंच राहील.